क्लिपचा छोटा म्युझिक प्लेअर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७४ वर्षांचे आहेत, रोज सकाळी तासभर टेकडीवर फिरायला जातात, आणि त्या वेळी त्यांना नाट्यसंगीत, अभंग आणि जुन्या मैफली ऐकायच्या असतात. स्मार्टफोन त्यांच्याजवळ आहे; परंतु गाणे रंगात आले की नेमका कोणाचा तरी फोन येतो, मध्येच जाहिरात लागते, किंवा बोट चुकीच्या जागी पडून भलतेच काही उघडते आणि ते वैतागून फोन खिशात टाकतात. त्यांच्यासाठी शर्टाला अडकवता येईल असा आठ जीबीचा छोटा प्लेअर घ्यावा का, गाणे शिकणाऱ्या मुलीला त्याचा रियाजासाठी उपयोग होईल का, आणि भावाने अमेरिकेहून आणलेला ॲपलचा छोटा प्लेअर ‘आयपॉड शफल’ बरीच वर्षे कपाटात पडून आहे तो पुन्हा चालू करता येईल का, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

कॅसेटी आणि ध्वनिमुद्रिका डिजिटल करून देणे, छोट्या बैठकींचे ध्वनिमुद्रण करणे आणि अधूनमधून अशी उपकरणे उघडून दुरुस्त करणे हा माझा २६ वर्षांचा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो: अवश्य घ्यावा, परंतु त्यात गाणी भरण्याचे काम घरातील कोणीतरी एकाने अंगावर घेतले असेल तरच. या उपकरणाचे सगळे गुण आणि बहुतेक सगळे दोष या एका अटीपाशी येऊन थांबतात.

ज्यांनी १९८०-९०च्या दशकांत कॅसेटी वापरल्या आहेत त्यांना ‘गाणी भरणे’ हा शब्दप्रयोग समजावून सांगण्याची गरज नाही. वहीच्या पानावर पंधरा-वीस गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी ती भरून आणायची, हा तेव्हाचा रिवाज होता; पुढे मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. फोनवरच्या ॲपने हे काम आपल्या हातून काढून घेतले. छोटा प्लेअर ते काम पुन्हा आपल्याकडे सोपवतो. काहींना त्यात आनंद वाटतो, काहींना ती कटकट वाटते, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारी उपकरणाच्या नसून या न झालेल्या कामाच्या असतात.

आपण नेमक्या कोणत्या वस्तूविषयी बोलत आहोत हे आधी स्पष्ट करतो. १ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये वॉकमन विक्रीस आणला आणि चालताना स्वतःपुरते संगीत ऐकण्याची सवय जगाला लागली. १९९८ मध्ये एमपी३ वाजवणारे पहिले खिशातले प्लेअर आले. त्यांपैकी डायमंड कंपनीच्या रिओमध्ये केवळ ३२ एमबी जागा होती, म्हणजे साधारण अर्ध्या तासाचे संगीत. ऑक्टोबर २००१ मध्ये पाच जीबीचा आयपॉड आला, जानेवारी २००५ मध्ये पडदाच नसलेला आयपॉड शफल आला आणि २००७ मध्ये सॅनडिस्कचा सॅन्सा क्लिप. या शेवटच्या दोघांमुळे ‘कपड्याला चिमटा लावून अडकवायचा प्लेअर’ ही जात रूढ झाली. ॲपलने शफल जुलै २०१७ मध्ये बंद केला. सॅनडिस्कच्या क्लिपच्या नंतरच्या आवृत्त्या आणि अनेक चिनी कंपन्यांचे प्लेअर मात्र पुढेही बाजारात येत राहिले. माझे पुढचे विवेचन या जातीपुरतेच आहे. हजारो रुपयांचे, जड, उच्च प्रतीच्या ध्वनीसाठी घेतले जाणारे प्लेअर हा वेगळा छंद आहे आणि वडिलांच्या गरजेशी त्याचा संबंध नाही.

या प्लेअरचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याला दुसरे काहीही करता येत नाही. त्यावर फोन येत नाही, संदेश वाजत नाही, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर नेटवर्क गेले तरी गाणे अडखळत नाही, आणि तासभर गाणी ऐकून घरी येईपर्यंत फोनची बॅटरी उतरली असेही होत नाही. दुसरा गुण वजनाचा. शफलच्या शेवटच्या आवृत्तीचे वजन १२.५ ग्रॅम होते आणि आजचा साधा स्मार्टफोन २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. सदऱ्याच्या खिशात फोन घेऊन चढ चढणाऱ्या माणसाला हा फरक कागदावर दिसतो त्याहून अधिक जाणवतो. तिसरा गुण बटणांचा, आणि वृद्धांच्या बाबतीत मी तो पहिल्या क्रमांकावर ठेवीन. खऱ्या, बोटाला जाणवणाऱ्या बटणांचा प्लेअर चष्मा न लावता, खिशातून न काढता, केवळ स्पर्शाने थांबवता येतो. ॲपलने २००९ मध्ये शफलवरची बटणे काढून ती इअरफोनच्या तारेवर नेली होती, म्हणजे मूळचा इअरफोन बिघडला की साध्या इअरफोनवर प्लेअर नीट चालवताच येत नसे. पुढच्याच वर्षी त्यांनी बटणे पुन्हा जागेवर आणली. म्हणून दुकानात गेल्यावर आवाज ऐकण्याआधी वडिलांना डोळे मिटून ‘पुढचे गाणे’ आणि ‘आवाज कमी’ ही दोन बटणे शोधायला सांगावीत. ती सापडली नाहीत, किंवा बोट थरथरल्यामुळे एकाऐवजी दोन बटणे दाबली जात असतील, तर तो प्लेअर कितीही चांगला असला तरी परत ठेवावा.

आवाजाच्या दर्जाविषयी लोक फार विचारतात, म्हणून स्पष्टच सांगतो की बऱ्या कंपनीचा क्लिप प्लेअर आणि बरा फोन यांच्यात इअरफोनवर ऐकताना फरक करण्यासारखे फारसे काही नसते. फरक पडतो तो इअरफोनमुळे आणि मूळ ध्वनिमुद्रणामुळे. १६ ते ३२ ओहमचे (ओहम हे विद्युतरोधाचे माप) साधे इअरफोन या प्लेअरवर उत्तम चालतात. स्टुडिओत वापरतात तसा ३०० ओहमचा हेडफोन लावला तर आवाज मलूल येतो, कारण एवढ्याशा बॅटरीवर तेवढा विद्युतदाब निर्माण करता येत नाही. रस्त्यावर दोन-तीनशे रुपयांना मिळणारे, ओळखीचा आकार उचललेले बिननावाचे प्लेअर मात्र याला अपवाद आहेत. त्यांत गाण्यामागे सतत सूक्ष्म खरखर ऐकू येते, ती ढोलकीत लपते पण आलापात लपत नाही.

आता दोषांकडे वळतो, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण हे दोष दुकानात दिसत नाहीत. ते पहिल्या रविवारी घरी दिसतात.

पहिला दोष क्रमाचा. आपण संगणकावर फोल्डर उघडतो तेव्हा फाइली वर्णानुक्रमे दिसतात, म्हणून प्लेअरही त्या क्रमानेच वाजवील असे आपण गृहीत धरतो. अनेक स्वस्त प्लेअर मात्र फाइली ज्या क्रमाने कार्डावर उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. शंभर अभंग एकदम निवडून चिकटवले तर संगणक ते आपल्या सोयीने उतरवतो आणि हरिपाठाच्या मधोमध भैरवी येते. त्यावर उपाय असा की प्रत्येक फाइलच्या नावाच्या आरंभी ०१, ०२, ०३ असे आकडे द्यावेत (आकडे इंग्रजी लिपीतील द्यावेत, देवनागरी आकडे अशा प्लेअरना बहुधा ओळखता येत नाहीत) आणि तरीही क्रम बिघडला तर फोल्डर रिकामे करून फाइली एकेक करून त्याच क्रमाने टाकाव्यात. हे कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते.

दुसरा दोष लिपीचा. फाइलीचे नाव देवनागरीत लिहिले तर काही प्लेअरच्या पडद्यावर प्रश्नचिन्हे किंवा चौकोन उमटतात. काहींत अक्षरे दिसतात परंतु ऱ्हस्व इकार भलत्या बाजूला जातो आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली दिसतात. ज्या पिढीला हा प्लेअर सर्वाधिक उपयोगी आहे त्याच पिढीला रोमन लिपीतील मराठी वाचण्याचा सर्वाधिक त्रास होतो. मी अशा वेळी पडद्याचा विचारच सोडून देतो आणि प्रत्येक फोल्डरची पहिली फाइल म्हणून घरातल्या कोणाच्या तरी आवाजात चार शब्द ध्वनिमुद्रित करून टाकतो: ‘हे नाट्यसंगीत आहे’, ‘हे अभंग आहेत’. एका गृहस्थांच्या प्लेअरमध्ये त्यांच्या नातीने हे सांगितले आहे. आता ते गाणी न ऐकता फोल्डरच बदलत बसतात, अशी त्यांच्या सूनबाईंची तक्रार आहे.

तिसरा दोष शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनाच कळतो. हे प्लेअर ‘गाणे’ म्हणजे चार-पाच मिनिटांचा तुकडा असे गृहीत धरून बनवलेले असतात. ५० मिनिटांचा ख्याल लावला, २० मिनिटांनी ओळखीचे कोणी भेटले म्हणून प्लेअर बंद केला आणि पुन्हा सुरू केला की स्वस्त प्लेअर पहिल्या षड्जापासून आरंभ करतो, आणि मग बटण दाबून धरून पुढे सरकत बसावे लागते. सॅनडिस्कच्या क्लिपमध्ये पुस्तके आणि पॉडकास्ट यांसाठी वेगळे फोल्डर असतात आणि त्यांतील फाइल जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होते. म्हणून मैफलीच्या लांब फाइली मी गाण्यांच्या फोल्डरात न ठेवता पुस्तकांच्या फोल्डरात ठेवतो. खरेदीपूर्वी हे एक वैशिष्ट्य आवर्जून तपासावे. याच्याच शेजारचा दोष म्हणजे दोन फाइलींमधली फट. मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत हे दोन स्वतंत्र ट्रॅक असतात, पण तानपुरा दोन्हींतून अखंड वाहत असतो. एमपी३ करताना प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना अगदी थोडी शांतता चिकटते, त्यात पुढची फाइल उघडायला प्लेअर क्षणभर वेळ घेतो, आणि द्रुत बंदिशीच्या तोंडावर तानपुरा तुटतो. सिनेमाच्या गाण्यांत ही फट कोणाला कळतही नाही. मैफलीत मात्र ती खटकते, म्हणून असे ट्रॅक संगणकावर एकत्र जोडून त्यांची एकच फाइल करावी.

जागेचा हिशेब सोपा आहे. १२८ किलोबिटच्या (दर सेकंदाला साठवलेल्या माहितीचे हे माप; आकडा मोठा तितका दर्जा चांगला) एमपी३ला मिनिटाला साधारण एक एमबी लागते आणि ३२० किलोबिटच्या फाइलीला सुमारे २.४ एमबी. आठ जीबीच्या प्लेअरमध्ये प्रत्यक्षात साडेसात जीबीच्या आसपास जागा मिळते, म्हणजे पहिल्या प्रकारच्या फाइलींचे १३० तास आणि दुसऱ्या प्रकारच्या फाइलींचे ५० तासांहून थोडे अधिक. वडिलांच्या आवडीचे बरेचसे जुने ध्वनिमुद्रण मुळातच मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. ते स्टिरिओ फाइलीत ठेवण्यात काहीच मिळत नाही. ६४ ते ९६ किलोबिटची मोनो फाइल केली तर जागा वाचते आणि आणखी एक लाभ होतो. रस्त्यावरून चालताना एकच कान झाकावा असे मी सर्वांना सांगतो, आणि मोनो फाइल असली म्हणजे दुसऱ्या कानातला तबला हरवत नाही. ७४ व्या वर्षी कानाला १६ किलोहर्ट्झच्या वरचे काही ऐकू येत नाही, त्यामुळे एमपी३मध्ये जे गळते त्याचा शोक करण्याचे कारण नाही.

कानांचा विषय निघालाच आहे तर त्यातील खरा धोका सांगून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानली आहे, आणि दर तीन डेसिबल वाढीला हा काळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८९ डेसिबलवर केवळ पाच तास. लोक मुद्दाम मोठ्याने ऐकत नाहीत. जुन्या तबकडीवरून उतरवलेले गाणे हळू वाजते म्हणून ते आवाज वाढवतात, आणि पुढचे गाणे नव्या पद्धतीने भरघोस ध्वनिमुद्रित केलेले असते, ते कानावर आदळते. गोंधळून ते पहिल्या गाण्याला पुन्हा वाढवतात आणि दुसऱ्याला कमी करायचे विसरतात. फोनवरची ॲपे हा चढउतार आपोआप सारखा करतात, छोटे प्लेअर बहुधा करत नाहीत. त्यासाठी एमपी३गेन नावाची एक जुनी, मोफत प्रणाली आहे. ती फाइल पुन्हा संकुचित न करता, म्हणजे दर्जा न घालवता, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी सर्व गाण्यांची पातळी एकसारखी करते. सगळी गाणी गोळा झाल्यावर आणि प्लेअरमध्ये टाकण्यापूर्वी ती एकदा चालवावी. घरात कोणी गाणी भरणारे असावे असे मी का म्हणतो ते यावरून लक्षात येईल.

गाणी आणायची कोठून, हा पुढचा प्रश्न, आणि तरुण ग्राहक येथेच अडतात. मासिक वर्गणीच्या ॲपमधून ‘डाउनलोड’ केलेले गाणे त्या ॲपच्याच कुलपात असते. ते उचलून प्लेअरमध्ये टाकता येत नाही. ज्या घरात सीडी, कॅसेटी किंवा विकत घेतलेल्या फाइली आहेत त्या घराला हा प्लेअर शोभतो. सीडी संगणकावर उतरवणे दहा मिनिटांचे काम आहे, मात्र आता संगणकांना सीडीचा खण नसतो, त्यामुळे बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा लागतो. कॅसेट उतरवायला तेवढाच वेळ लागतो जेवढी ती वाजते. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटे, त्यात सवलत नाही. कायद्याविषयी इतकेच सांगतो की भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो, त्यामुळे जुन्या ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क आता संपलेला आहे. त्यातील शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा असतो आणि तो कवीच्या व संगीतकाराच्या हयातीवर अवलंबून असतो.

ज्यांना यांपैकी काहीच करायचे नाही त्यांच्यासाठी सारेगामाचा कारवाँ हा मार्ग आहे. २०१७ मध्ये आलेल्या या संचात पाच हजार हिंदी गाणी भरूनच येतात, पुढे मराठी गाण्यांचा संचही निघाला. घरी टेबलावर ठेवून ऐकायला तो चांगला आहे आणि वृद्धांना तो पहिल्या दिवसापासून वापरता येतो. पण तो टेकडीवर नेण्याजोगा नाही, आणि त्यात भरून आलेल्या गाण्यांमधले नको असलेले गाणे काढता येत नाही.

मेमरी कार्डाविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. प्लेअरला कार्डाची खाच असणे सोयीचे आहे. परंतु बाजारात ६४ जीबी असे छापलेली आणि प्रत्यक्षात आठ जीबीची कार्डे सर्रास मिळतात. संगणकाला ती ६४ जीबीचीच दिसतात. आठ जीबी भरली की नवी गाणी जुन्यांवर लिहिली जातात, आणि फाइलींची नावे जागच्या जागी राहूनही गाणी वाजत नाहीत. मीही एकदा पूर्ण संग्रह असा गमावला आहे; मूळ प्रती संगणकावर होत्या म्हणून निभावले. नवे कार्ड आणल्यावर ते काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहणारी एच२टेस्टडब्ल्यू ही मोफत चाचणी आधी चालवावी, गाणी नंतर भरावीत.

अनेक क्लिप प्लेअरमध्ये एफएम रेडिओ असतो, आणि आता बऱ्याच फोनमधून तो नाहीसा झाल्यामुळे हा गुण लहान मानू नये. सकाळची विविध भारती ऐकणारी पिढी अजून आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात: इअरफोनची तार हीच रेडिओची एरियल असते, त्यामुळे बिनतारी इअरफोनवर रेडिओ लागत नाही, आणि आकाशवाणीची जी केंद्रे केवळ मध्यम लहरींवर आहेत ती या प्लेअरवर लागत नाहीत.

बिनतारी इअरफोनचे म्हणाल तर ब्लूटूथ असलेले क्लिप प्लेअर मिळतात, पण मी वडिलांसाठी तो पर्याय सुचवणार नाही. दोन वस्तूंची दोन चार्जिंगे, त्यांची रोजची जोडाजोडी आणि गवतात पडलेला एक इअरफोन, असा तो संसार आहे. तार शर्टाच्या आतून घ्यावी, म्हणजे फांदीला अडकत नाही.

या प्लेअरचे आयुष्य ठरते ते बॅटरीवर. एवढ्याशा जागेत बसवलेली लिथियम बॅटरी नवी असताना दहा-पंधरा तास चालते, ती आतून डाग देऊन जोडलेली असते आणि बाहेरून बदलता येत नाही. माझ्याकडे मृतावस्थेत येणाऱ्या प्लेअरपैकी बरेच वापरून संपलेले नसतात, ते पूर्ण उतरलेल्या अवस्थेत वर्षभर खणात पडून मेलेले असतात. वापर थांबवायचा असेल तर अर्धे चार्जिंग करून ठेवावे आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा एकदा थोडे चार्ज करावे. दुसरे मोठे कारण घाम आणि पावसाळा. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात इअरफोनच्या खाचेत हिरवट गंज धरतो, एका कानाचा आवाज जातो, आणि लोक इअरफोन बदलत राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला, कापूस गुंडाळलेला काडीचा तुकडा खाचेत हलकेच फिरवला तर बहुतेक वेळा काम होते; प्लेअर आधी बंद करावा. चार्जिंगविषयीही एक बारकावा आहे: यूएसबी-सी खाच असलेले काही स्वस्त प्लेअर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, कारण त्यांत आवश्यक ते दोन छोटे रोधक बसवलेले नसतात. असा प्लेअर बिघडलेला समजून परत करण्यापूर्वी जुन्या चौकोनी यूएसबी टोकाच्या केबलने आणि साध्या चार्जरने एकदा प्रयत्न करून पाहावा.

मुलीच्या रियाजासाठी माझे उत्तर निराळे आहे. ऐकण्यासाठी प्लेअर चांगला. गुरूंकडची तालीम ध्वनिमुद्रित करण्यासाठी तो घेऊ नये. ज्या क्लिप प्लेअरमध्ये माइक असतो त्यात आवाजाची पातळी आपोआप वरखाली होत असते. गुरुजी बोलायचे थांबले की तानपुरा फुगतो, त्यांनी तान घेतली की तो दबतो, आणि नंतर ऐकताना स्वराचा खरा लगाव कळत नाही. त्यासाठी पातळी हाताने ठरवता येणारा स्वतंत्र रेकॉर्डर घ्यावा, आणि अर्थात गुरुजींची परवानगी आधी घ्यावी. मात्र ती तालीम प्लेअरमध्ये टाकून बसमध्ये, चालताना, झोपण्यापूर्वी ऐकणे याला तोड नाही. ज्या प्लेअरमध्ये गाण्याचा एक तुकडा दोन खुणांच्या मध्ये पुन्हा पुन्हा वाजवण्याची सोय आहे तो तिच्यासाठी निवडावा; एखादी मुरकी पन्नास वेळा ऐकण्यासाठी ती सोय फार मोलाची आहे. तानपुऱ्याची फाइल ठेवायची असेल तर दोन पथ्ये पाळावीत. ती निदान अर्ध्या तासाची असावी, म्हणजे पुन्हा सुरू होतानाचा खंड वारंवार येणार नाही. आणि ती १२८ किलोबिटची नसावी, कारण जवारीची, म्हणजे तारेच्या गुंजारवाची, जी चमक असते ती वरच्या स्वरांशांत असते आणि कमी किलोबिटमध्ये प्रथम तीच पुसट होते. २५६ किंवा त्याहून वरची फाइल घ्यावी, किंवा प्लेअरला चालत असेल तर फ्लॅक, म्हणजे दर्जा न घालवता साठवलेली फाइल.

जुन्या कॅसेटीवरून उतरवलेल्या गाण्यावर तिला सूर लावून गायचे असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. कॅसेटचा वेग एक टक्का चुकला की सगळे स्वर सुमारे १७ सेंटनी (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात) सरकतात, म्हणजे सर्वांत लहान श्रुतीहून थोडे कमी. काळी दोनच्या गाण्यावर काळी दोनचा तानपुरा लावून ती बेसुरी वाटत असेल तर दोष मुलीचा नसून कॅसेटचा असण्याची शक्यता आहे. प्लेअर स्वतः वेग चुकवत नाही, तो चुकलेला वेग इमानाने जपून ठेवतो. उतरवतानाच संगणकावर वेग दुरुस्त करून घ्यावा.

राहिला प्रश्न कपाटातल्या शफलचा. तो काढल्यावर लगेच चार्जिंगला लावू नये, आधी सपाट टेबलावर ठेवून पाहावा. पाठ फुगलेली असेल, चिमट्याची बाजू वर आलेली असेल किंवा दोन धातूंच्या सांध्यात फट दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. तो उघडण्याचा किंवा दाबून बसवण्याचा प्रयत्न न करता ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावा. आकार शाबूत असेल तर त्याची केबल शोधावी. नंतरच्या शफलला चार्जिंगसाठी वेगळी खाच नाही, इअरफोनच्या खाचेतूनच तो चार्ज होतो आणि त्यासाठी एका टोकाला इअरफोनसारखी पिन असलेली खास केबल लागते. आपल्या घरातली इतर कोणतीही केबल त्याला चालणार नाही. केबल मिळाली आणि हिरवा दिवा लागला, तरी त्यात गाणी नुसती ओढून टाकता येत नाहीत. विंडोज संगणकावर ॲपलच्या आयट्यून्ससारख्या प्रणालीतून किंवा मॅकवर फाइंडरमधून ती भरावी लागतात, आणि पडदा नसल्यामुळे कोणत्या यादीत आपण आहोत हे शेवटच्या आवृत्त्यांतला शफल इंग्रजी उच्चारांत सांगतो. अभंगांच्या यादीचे नाव त्याच्या तोंडून ऐकताना वडिलांची करमणूक होईल. दोन जीबीच्या शेवटच्या शफलमध्ये १२८ किलोबिटची तीसएक तास गाणी मावतात, आणि रोज तासभर फिरणाऱ्या माणसाला तेवढी महिनाभर पुरतात. तेव्हा केबल सापडली तर नवा प्लेअर घेण्यापूर्वी एक महिना हाच वडिलांच्या खिशाला लावून पाहावा. महिनाअखेरीस त्यांनी ‘आता दुसरी गाणी भरून द्या’ असे म्हटले, आणि ती खरोखर कोणी भरून दिली, तर नवा घ्यावा.